जुनी रॅम ओळखायची तर

मंडळी, टेबलावर हा जो ढीग जमलाय, त्यातल्या निम्म्या पट्ट्या भंगारातून आलेल्या दिसतायत, काही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या असणार. प्रत्येकाचा प्रश्न एकच: ही कुठली, आणि किती एमबीची?

आधी एक विनंती. ‘मशीनमध्ये लावून बघू’ हा उपाय शेवटचा ठेवा. १६८ पिनांची पट्टी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर इंटेलच्या पेंटियम टू-थ्री प्रोसेसरांच्या काळातली ३.३ व्होल्टची एसडीरॅम, म्हणजे त्या काळचा रॅमचा प्रकार, येते. पण १९९५ च्या ॲपलच्या पॉवर मॅकिंटॉश ९५०० या संगणकातही १६८ पिनांच्याच पट्ट्या लागत, आणि त्या ५ व्होल्टच्या. खाचेची जागा वेगळी असते, त्यामुळे चुकीची पट्टी बसत नाही. अर्थात अंगठ्याने जोर लावणारे महाभाग सगळीकडे असतात.

तेव्हा सुरुवात पिना मोजण्यापासून. ३० आणि ७२ पिनांच्या त्या सिम (मोबाइलचं सिम नव्हे, जुन्या रॅमपट्टीचं नाव). १६८ वाली डिम, म्हणजे सिमनंतर आलेली पट्टी, बहुधा एसडीरॅम, १८४ म्हणजे तिची पुढची पिढी डीडीआर, २८८ म्हणजे डीडीआर-४ किंवा त्यापुढची. २४० वर थांबा, कारण डीडीआर-२ आणि डीडीआर-३ दोन्हींना २४० च पिना. पहिलीला १.८ व्होल्ट, दुसरीला १.५. दोन्ही शेजारी धरल्या की खाच सरकलेली दिसते. १८४ पिना आणि वर पत्र्याचं झाकण असेल तर ती डीडीआर नसून रॅमबस या कंपनीच्या वेगळ्या प्रकारची असण्याची शक्यता मोठी. आणि १६० पिनांची आखूड पट्टी हाती लागली, तर ती मुळात मुख्य मेमरीच नाही. पेंटियमच्या सुरुवातीच्या बोर्डांवर वेगळ्या सॉकेटमध्ये बसणारी ती कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या मदतीची छोटी वेगवान मेमरी आहे. विकणारे तीही ‘रॅम’ म्हणूनच विकतात.

आता खरी गंमत. लेबल वाचू नका. लेबल दुकानदार चिकटवतो, पुसट होतं, एकीचं दुसरीवर जातं. काळ्या चिपवरचं वाचा. ही ७२ पिनांची पट्टी बघा. भिंग घ्या, टॉर्च तिरकी धरा. एका बाजूला आठ चिप आहेत आणि प्रत्येकीवर लिहिलंय ‘एचवायबी ५११७४०० बीजे-६०’. सुरुवातीची अक्षरं कंपनीची, इथे सीमेन्सची. ५११७ म्हणजे १६ मेगाबिटची चिप. पुढचा ४ सांगतो की ती एका वेळी चार बिट देते. म्हणजे सोळा भागिले चार, चार मेगा (सुमारे चाळीस लाख) जागा, प्रत्येक जागेत चार बिट. अशा आठ चिप शेजारी लावल्या की रुंदी झाली ३२ बिट, म्हणजे चार बाइट. चार मेगा गुणिले चार बाइट, सोळा एमबी. झालं! मागच्या बाजूलाही तशाच आठ असत्या तर बत्तीस.

५११७४०० मधलं शेवटचं शून्य विसरू नका. शून्य म्हणजे फास्ट पेज हा जुना प्रकार, तिथे ५ असता तर ईडीओ हा त्यानंतरचा. पेंटियमच्या आधीच्या ४८६ प्रोसेसरच्या बऱ्याच बोर्डांना ईडीओ चालत नाही, म्हणून या एका आकड्यावर पुष्कळ अडतं. ६० म्हणजे चिपचा वेग, साठ नॅनोसेकंद. खालच्या ओळीतला ९६४३ हा मात्र मॉडेल नंबर नाही, १९९६ चा ४३ वा आठवडा. आठांपैकी दोन चिपांवर भलतंच वर्ष किंवा भलतीच कंपनी दिसली, तर पट्टी कुणीतरी दुरुस्त केलेली किंवा जोडजमाव करून बनवलेली समजा.

आठांऐवजी बारा चिप दिसल्या, त्यातल्या चार एकेका बिटाच्या, तर रुंदी ३६ बिट होते. ती पॅरिटीची पट्टी, म्हणजे प्रत्येक बाइटामागे चूक पकडायला एक जादा बिट असलेली. नव्वदच्या दशकात काही पट्ट्यांवर पॅरिटीच्या जागी नुसती हिशेब जुळवून देणारी लॉजिक चिप बसवायचे, म्हणजे चूक कधी पकडलीच जायची नाही. त्यामुळे त्या जादा चिपांचेही नंबर वाचा.

कुणीतरी विचारतंय, चिपवरचं घासून काढलं असेल तर? ३० पिनांच्या पट्टीवर मल्टिमीटर लावा. चिपमधली कुठली जागा हवी ते सांगणाऱ्या तारा म्हणजे पत्त्याच्या तारा. १९ वी पिन ही अकरावी पत्त्याची तार, २४ वी बारावी. रांगेचा आणि स्तंभाचा पत्ता एकाच तारांवरून आळीपाळीने जातो, म्हणून एक तार वाढली की जागा चौपट होतात. दहा तारा जोडलेल्या असतील तर एक एमबी, अकरावीही चिपपर्यंत जात असेल तर चार, बारावीही असेल तर सोळा. ७२ पिनांवर ६७ ते ७० या चार पिना क्षमता आणि वेग सांगायलाच ठेवल्यात. ग्राउंडला जोडल्यात की मोकळ्या, एवढं तपासायचं. पण स्वस्त पट्ट्यांवर तिथला जोड घालायचाच राहून गेलेला असतो, म्हणून एकट्या त्यांच्यावर विसंबू नका.

एसडीरॅमपासून पुढे काम सोपं झालं. कडेला आठ पायांची एक बारीक चिप दिसेल. तिच्यात पट्टीची सगळी कुंडली असते, डीडीआर-३ पर्यंत २५६ बाइटांत. बाइट शून्यापासून मोजायचे. २ क्रमांकाच्या बाइटात ४ असेल तर एसडीरॅम, ७ असेल तर डीडीआर, ८ असेल तर डीडीआर-२. बोर्ड चालू होत असेल तर लिनक्समधली ‘डीकोड-डिम्स’ ही आज्ञा ते सगळं वाचून दाखवते.

चला, आता एकेकाने आपली पट्टी घेऊन पुढे या. भिंग इथे आहे, आणि सोनेरी पिनांना बोट लावू नका.