किक सगळ्यात शेवटी: पडून राहिलेली जावा जागी करताना

जुनी गाडी ताडपत्रीखालून बाहेर निघाली की जमलेल्या चार लोकांतला एक तरी म्हणणारच, अरे मार की एक किक, बघू तरी लागते का. मारू नका. आज नाही आणि उद्याही नाही. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या टू-स्ट्रोक इंजिनाचं (म्हणजे पिस्टनच्या दर वर-खाली फेरीला एकदा पेट्रोल जाळणाऱ्या) उभं राहून जेवढं वाटोळं होत नाही तेवढं कधीकधी त्या पहिल्या हौसेच्या किकने होतं, आणि हा सगळा व्हिडिओ त्या किकच्या आधी काय काय करायचं याचाच आहे.

(गाडी पूर्ण दिसते. धूळ, गंजलेले रिम, बसलेले टायर.)

ही जावा 250 मोटरसायकल. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन, 248.5 सीसी. रुस्तम इराणी मुंबईत आधी जावा आयात करायचे, मग आयात बंद झाली तेव्हा त्यांनी झेक कंपनीकडून लायसन्स घेऊन मैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला, 1961 पासून तिथून गाड्या निघायला लागल्या, 1973 पासून टाकीवर येझदी नाव आलं आणि 1996 ला कारखाना बंद झाला. 2018 मध्ये जावा नाव परत आलं खरं, पण ती नवी गाडी फोर-स्ट्रोक, लिक्विड कूल्ड, तिचे पार्ट हिला लागत नाहीत. त्यामुळे हिचं सगळं पुण्याच्या नाना पेठेतली दुकानं, लेथवाले आणि जुने मेकॅनिक यांच्या भरवशावर. आपले काका त्यातलेच एक, पण कॅमेऱ्यात चेहरा नको म्हणाले, हात दाखवा म्हणाले, म्हणून तुम्हाला हातच दिसतील.

काकांनी पहिलं काम काय केलं तर सायलेन्सरच्या तोंडात बॅटरी मारून बघितलं. एकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी कापूस, सुतळी, पेपर असं सगळं भरून ठेवलेलं आणि जाता जाता वायरिंगही कुरतडलेलं. आता विचार करा, किक मारली असती, गाडी लागली असती, तर ही सगळी घाण इंजिनानेच ओढली असती ना.

मग स्पार्क प्लग काढला. आत पिस्टन मोकळा आहे का जाम, हा खरा प्रश्न. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनासाठी वेगळा ऑइल संप, म्हणजे ऑइल साठवायचा कप्पा, नसतो, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल हेच त्याचं वंगण, त्यामुळे गाडी बंद केली त्या दिवशी आतल्या भागांवर जेवढा पातळ थर राहिला तेवढीच त्यांची राखण. चार पावसाळे गेले की तो थर गेला, पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांतून, दमट हवा आत, आणि पिस्टनवरच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंजाने चिकटतात. इथे किकवर उभं राहून जोर लावला तर दोनपैकी एक होतं, किकचे दाते तुटतात नाहीतर रिंग तुटून बोअरमध्ये ओरखडे पडतात.

काका म्हणाले, बाळा, घाई नको, ऑइल टाक आणि घरी जा. प्लगच्या भोकातून पातळ ऑइल आणि डिझेल अर्धं अर्धं सोडलं. पिस्टन खाली असेल तर हे ऑइल ट्रान्सफर पोर्टमधून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या कप्प्यात, उतरतं, घाबरायचं कारण नाही, परत टाकायचं. मग गाडी टॉप गिअरला, आणि मागचं चाक हाताने, पायाने नाही, थोडं पुढे थोडं मागे. हललं तर हललं, नाहीतर परत ऑइल, परत उद्या. आमची हलली. एकदम नाही, आधी नुसतं करकरली.

बेंड पाइप, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप, काढला की एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टनची बाजू आणि रिंगा डोळ्यांनी दिसतात, टू-स्ट्रोकचं हे एक सुख आहे. उभे खोल ओरखडे दिसले तर पुढचं सगळं थांबवायचं आणि हेड-बोअर उतरवायचं. इथे किरकोळ होते. सायलेन्सर मात्र आतून कार्बनने निम्मा बुजलेला, तो जाळून घेतला, म्हणजे आतली जाळी काढून आगीवर लाल करून ठोकून साफ. हा प्रकार घराच्या गॅलरीत करू नका, शेजारी पोलिसांना फोन करतील इतका धूर होतो.

(टाकी. झाकण उघडतं.)

टाकीचं झाकण उघडलं आणि वास आला तो पेट्रोलचा नव्हताच, जुन्या व्हार्निशचा. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि चिकट राळ उरते, तीच पेट्रोलच्या कॉकमध्ये, पाइपात, कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांत, जाऊन बसते. गंजही होता. व्हाइट व्हिनेगर टाकी भरून ओतलं, दोन दिवस ठेवलं, मग आत मूठभर नट टाकून हलवलं, नट मोजून टाका आणि मोजून काढा, एक आत राहिला तर जन्मभर वाजत राहील. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, लगेच वाळवली आणि लगेच आतून ऑइल फिरवलं, कारण कोरा पत्रा एका रात्रीत परत तांबूस होतो. टाकीत केमिकलचं कोटिंग करतात काही लोक. माझं मत विचाराल तर टाकीला भोक पडलं असेल तरच, एरवी नको, चुकीचं बसलं तर सालपटं निघतात आणि ती काढणं गंज काढण्यापेक्षा अवघड.

आणि आता पंपावर मिळतं ते ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला फुगवतं. म्हणून पेट्रोल पाइप, कॉकमधले वायसर, कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या (तरंगत्या डबीच्या) सुईचं टोक रबरी असेल तर ते, सगळं नवीन टाका. इथे शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाल तर गरम इंजिनावर पेट्रोल गळेल.

कार्बोरेटर जिकॉव्ह या झेक कंपनीचा. उघडला, आत हिरवट थर. जेटमध्ये तार घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल जास्त पिणार. क्लीनरमध्ये भिजवायचं, हवा मारायची, फार तर नायलॉनचा दोरा. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवून धरला, बुडबुडे आले की समजायचं भोक आहे.

करंटची गोष्ट जरा समजून घ्या, कारण इथे भले भले वैतागतात. हिला मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय स्पार्क देणारा जनरेटर, नाही, डायनॅमो आहे, आणि स्पार्कसाठी लागणारा करंट सुरुवातीला 6 व्होल्टच्या बॅटरीतून येतो. बॅटरी मेलेली असेल तर कितीही किका मारा, काही उपयोग नाही, घाम मात्र निघेल. नवी बॅटरी लावली, अर्थ कुठे जोडली आहे ती जागा घासून चकचकीत केली, कुरतडलेल्या वायरी बदलल्या. पॉइंट, म्हणजे उघडझाप करून स्पार्क पाडणारे संपर्क, काळे पडले होते, बारीक पॉलिश पेपरने घासून मग कोऱ्या कागदाने पुसले, गॅप साधारण 0.4 मिलिमीटर. पॉइंट जळू नयेत म्हणून असतो तो कंडेन्सर बिनदिक्कत नवा टाकला, तो बाहेरून बघून चांगला की वाईट कळत नाही.

गिअर ऑइल काढलं तर दुधासारखं निघालं, म्हणजे आत पाणी. नवीन भरलं आणि काका म्हणाले, हे पण थोडं चालवून फेकायचंच आहे. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या क्लच दाबून गिअरमध्ये गाडी मागेपुढे हलवून सुटल्या, नसत्या सुटल्या तर कव्हर उघडावं लागलं असतं.

टायरवर चार आकडे छापलेले असतात, 2208 असेल तर 2008 सालचा बाविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर ते धरत नाही. दोन्ही टायर, ट्यूब, रिम टेप, सगळं बदललं. ब्रेक ड्रम उघडताना आतली धूळ फुंकू नका, त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसा.

(काकांच्या पायाचा क्लोजअप. गिअरचा लिव्हर आत दाबून वर फिरवतात, तोच लिव्हर किक होतो.)

नवं पेट्रोल, लिटरला 40 मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल, बाटलीत आधीच मिसळून. प्लग काढूनच काही किका मारल्या, म्हणजे क्रँककेसमधलं साठलेलं ऑइल बाहेर उडालं, त्या वेळी प्लगची वायर लांब ठेवली. मग प्लग बसवला, कार्बोरेटरचं बटण दाबून पेट्रोल वर आणलं, आणि आता किक.

लागली, पण लगेच नाही, दोनदा प्लग ओला झाला, काढून पुसून परत लावला. धूर एवढा झाला की कॅमेऱ्यात पाच मिनिटं काही दिसत नव्हतं. पहिला धूर असणारच, आत ओतलेलं ऑइल जळतंय. पण अर्ध्या तासानेही पांढरा धूर तसाच राहिला आणि गिअर ऑइल कमी होत गेलं तर क्लचच्या बाजूचं क्रँकशाफ्टचं ऑइल सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, गेलं, इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल पितंय. आणि मूठ सोडूनही रेस आपोआप चढत असेल तर दुसऱ्या बाजूचं सील हवा ओढतंय, तशी गाडी चालवली तर पिस्टन सीझ होतो, म्हणजे तापून अडकतो. सील बदलायला इंजिन खोलावं लागतं. आमच्या गाडीचा धूर कमी झाला, रेस जरा वरच राहते, त्यामुळे सील मागवलेत आणि तोवर गल्लीच्या बाहेर न्यायची नाही असं काकांनी बजावलंय.

रंगाचं लोक विचारतात. टाकीचा मूळ रंग ठेवलाय, पोचेही ठेवलेत, नवा रंग आणि क्रोम कधीही करता येतं पण मैसूरहून आलेला रंग एकदा घासला की गेला. कागदांचं मात्र आत्ताच बघा. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 2021 च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षं चालते, पण मग रोज ऑफिसला नेता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती वगैरेसाठी. रोज फिरवायची असेल तर नेहमीचं आरसी रिन्यू करून घेतलेलं बरं.

आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाल्यांचा मेळावा असतो, तिथून आल्यावर गाडी परत महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करा, कार्बोरेटर खाली करा, बॅटरीची वायर सोडा आणि सायलेन्सरच्या दोन्ही तोंडांत फडकं कोंबा. फक्त पुढच्या वेळी चालू करायच्या आधी ते काढायला विसरू नका.