न लागलेला दिवा

(अंधारलेलं गॅरेज. किल्ली फिरल्याचा आवाज. डॅशबोर्डवर एकेक दिवा उजळतो.)

किल्ली अर्धीच फिरवायची. सेल्फ मारायचा नाही. इंजिन झोपलेलंच राहू द्यायचं आणि समोर काय काय पेटतं ते बघत बसायचं.

बॅटरीचा लाल दिवा आला. हँडब्रेकचा आला. सीटबेल्टचा आला. एअरबॅगचा आला आणि थोड्या वेळाने आपला आपण विझला. या सगळ्यांनी आता यायलाच हवं. गाडी आपल्याच दिव्यांची हजेरी घेते, सगळे बल्ब जिवंत आहेत ना हे दाखवते, आणि इंजिन चालू झालं की त्यांना घरी पाठवते.

आज एक जण गैरहजर आहे. पिवळा, इंजिनाचा. ज्याला सगळे 'चेक इंजिन' म्हणतात तो.

(गॅरेजचं दार वर जातं. उजेड. लाल, बुटकी, दोन माणसांची गाडी.)

हे मिशिगन राज्यातलं नोव्हाय. डेट्रॉइटचं उपनगर. इथल्या मोटार कंपन्यांत काम करणारी बरीच मराठी मंडळी या भागात राहतात. त्यांतल्याच एकाने हिवाळा सरता सरता ही गाडी घेतली. 1992ची माझदा मियाटा. गाडी घेतली हे घरी कळेपर्यंत ती दारात उभी होती, त्यामुळे चर्चेचा प्रश्नच आला नाही.

त्याचे वडील मे महिन्यात कराडहून आलेत. सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. मुलगा दिवसभर कंपनीत लॅपटॉपवर गाड्यांची सॉफ्टवेअरं तपासतो, आणि वडील इथे येऊन पंधरा दिवस झाले तरी त्यांच्या हाताला अजून ग्रीस लागलं नव्हतं. तेव्हा किल्ली अर्धी फिरवून दिवे मोजायला कोणी लावलं, हे वेगळं सांगायला नको.

"घेताना बघितलं नव्हतंस?"

"बाबा, घेताना एकही दिवा लागला नव्हता. म्हणून तर घेतली."

(जुन्या मियाटाची छायाचित्रं. वर होणारे हेडलाइट.)

गाडीविषयी थोडं. 1979 मध्ये बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोटो यांच्याकडे एक हट्ट धरला. जुन्या ब्रिटिश गाड्यांसारखी हलकी, उघड्या टपाची, साधी स्पोर्ट्स कार आता कोणी बनवत नाही, तुम्ही बनवा. दहा वर्षांनी, फेब्रुवारी 1989 मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती उभी राहिली. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, वजन टनाच्या आतबाहेर. 1.6 लिटर, अमेरिकेतल्या गाडीला 116 अश्वशक्ती. आकडे बघून कोणी तोंडात बोट घालणार नाही, पण ती वळणावर टाकून बघा. जपानी अभियंते तिच्याबद्दल 'जिनबा इत्ताई' म्हणत. घोडा आणि स्वार एकच.

गंमत अशी, की नोव्हायपासून फार लांब नसलेल्या फ्लॅट रॉकला माझदाने 1987 मध्ये कारखाना काढला होता. ही गाडी मात्र हिरोशिमाहून जहाजानेच आली. मग मिशिगनमध्ये तिने तीस हिवाळे काढले. रस्त्यावरच्या बर्फावर इथे मीठ टाकतात, आणि ते मीठ पत्रा तर खातंच, वायरींच्या जोडांमध्ये शिरून तांबंही हिरवं करून टाकतं.

आणखी एक. या राज्यात गाड्यांची धुराची सरकारी तपासणी नाही. चेक इंजिनचा दिवा लागला काय, न लागला काय, विचारणारं कोणी नाही.

(डॅशबोर्डचा वरचा भाग निघतो. हात मागे जातो.)

डिक्कीत जाऊन आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. या गाडीची बॅटरी मागे डिक्कीत आहे. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे, तेव्हा बॅटरी जोडलेली ठेवून त्या भागात हात घालायचा नाही. एअरबॅगच्या वायरीला मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर, तर कधीच लावायचा नाही. मीटरचा एवढासा करंटही तिला फुटायला पुरू शकतो. जुन्या गाडीच्या बाकी कुठल्याही दिव्यावर घरी डोकं चालवा. एअरबॅगचा दिवा लागून राहिला, तर ते काम जाणकाराकडे सोपवा.

डॅशबोर्डवरचा मीटरांचा संच पुढे ओढला. मागून स्पीडोमीटरची केबल सोडली. होय, केबल. हा काटा अजून गिअरबॉक्समधून फिरत येणाऱ्या तारेवर चालतो. मागच्या बाजूला बल्बचे होल्डर, पाव वळसा दिला की हातात येणारे. एक काढला, दुसरा काढला. तिसरा काढून वडिलांनी उजेडात धरला आणि मुलाच्या तळहातावर ठेवला.

बल्ब जळला नव्हता. होल्डरमध्ये बल्ब नव्हताच.

सतत पेटणारा दिवा बंद करायचे दोन मार्ग असतात. एकात बराच वेळ जातो. आधीच्या कुठल्यातरी मालकाने दुसरा निवडला होता. जुनी गाडी बघायला गेलात आणि मालकाने इंजिन आधीच गरम करून, चालू ठेवून उभी केलेली असली, तर हसतमुखाने ती बंद करायला सांगा. किल्ली काढा. मग अर्धी फिरवा आणि मोजा.

(नवा बल्ब. किल्ली. पिवळा दिवा उजळतो. इंजिन सुरू होतं. दिवा विझतो.)

नवा बल्ब बसवला, बॅटरी जोडली, गाडी चालू केली आणि दिवा विझला. मुलगा खूश. वडील नाहीत.

त्यांचं बरोबर होतं. या गाडीचा कंप्युटर तक्रारी साठवून ठेवतो, पण बॅटरीची वायर सुटली की विसरतो. बल्ब शोधायच्या नादात या दोघांनीच सगळी तक्रारवही कोरी करून टाकली होती. आता एकच उपाय. फिरवून आणायची आणि ती पुन्हा तक्रार करते का, वाट बघायची.

फार वाट बघावी लागली नाही. चौथ्या सिग्नलच्या पुढे दिवा लागला तो लागलाच.

(बॉनेट उघडं. फेंडरलगत काळ्या झाकणाची छोटी डबी.)

आता या गाडीची माझी सगळ्यात आवडती जागा. बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या बाजूला, फेंडरलगत ही डबी. झाकणावर इंग्रजीत 'डायग्नोसिस' लिहिलंय. उघडलं की आतल्या बाजूला नकाशा, कुठल्या भोकाचं नाव काय. त्यातली दोन हवीत. टीईएन आणि जीएनडी. म्हणजे एक चाचणीचं आणि एक अर्थचं. दोन्हींत वायरच्या तुकड्याची टोकं खुपसायची, किल्ली अर्धी फिरवायची. चुकून भलत्याच भोकात गेलं तर निदान फ्यूज उडेल, तेव्हा नकाशा दोनदा बघा.

मुलगा वायर धरून बॉनेटपाशी. वडील आत, मांडीवर वही, कानावर पेन्सिल.

पिवळा दिवा एकदा लांब लुकलुकला. मग आखूड. आखूड, आखूड, आखूड, आखूड. मग थांबला.

"एक लांब, पाच आखूड," आतून आवाज आला. "परत तेच."

लांब लुकलुक म्हणजे दशक, आखूड म्हणजे एकक. पंधरा. 1990 ते 1993च्या या इंजिनात आठ म्हणजे हवामापक, नऊ म्हणजे पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, पंधरा म्हणजे ऑक्सिजन सेन्सर.

वडिलांना दोन गोष्टींचं नवल वाटलं. गाडी बोलते याचं, आणि एवढ्या महागड्या गाडीला बोलताना बोटं मोजायला लागतात याचं.

(मल्टिमीटरचा आकडा: 0.1)

पंधरा आकडा आला की दहांतले आठ जण काय करतात? नवा ऑक्सिजन सेन्सर मागवतात. तो बसवतात. दिवा दोन दिवस गप्प बसतो, आणि परत लागतो. दिवा तक्रारदाराचं नाव सांगतो, आरोपीचं नाही. सेन्सर म्हणतोय, माझ्याकडे येणाऱ्या धुरात काहीतरी बिघडलंय. तो खोटं बोलत असेल, किंवा अगदी खरं.

हा सेन्सर बसतो सायलेन्सरच्या वाटेवर, इंजिनाच्या जवळ. धुरात ऑक्सिजन जास्त उरला, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, तर तो साधारण 0.1 व्होल्ट देतो. पेट्रोल जास्त झालं तर 0.9च्या आसपास. ठणठणीत इंजिनात हा आकडा सारखा वरखाली होत राहतो. कंप्युटर त्याच्याकडे बघत पेट्रोल कमीजास्त करतो आणि दोघांचा झोपाळा चालू राहतो. नोव्हायच्या गॅरेजमध्ये झोपाळा थांबला होता. इंजिन गरम, मीटर 0.1वर चिकटलेला.

म्हणजे मुख्य शक्यता तीन. सेन्सर मेला. किंवा सेन्सरच्या अलीकडे मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना, कुठेतरी फट आहे आणि बाहेरची हवा धुरात मिसळतेय. किंवा इंजिन अशी हवा ओढतंय, जिचा हिशेबच झालेला नाही.

तिसरी शक्यता नीट बघू. या इंजिनात हवा आधी एका पेटीतून जाते. पेटीत एक झडप आहे, दारासारखी. हवा तिला ढकलते, ती जितकी उघडेल तितकी हवा आली असं कंप्युटर धरतो आणि त्या मापाने पेट्रोल सोडतो. पेटीच्या पुढे इंजिनापर्यंत रबराचा एक जाड पाइप, घड्याघड्यांचा, बाजाच्या भात्यासारखा. त्या पाइपाला चीर गेली की तिथून आत शिरलेली हवा झडपेला न ढकलताच इंजिनात पोहोचते. फुकट्या प्रवासी. कंडक्टरच्या हिशेबात नाही, पण गाडीत आहे.

ही उपमा माझी नाही, वडिलांची आहे.

(इंजिन चालू. आयडलिंग अडखळतंय. हात पाइपाच्या खालून फिरतो.)

आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनाचा वेग, मिनिटाला 850 फेऱ्यांच्या आसपास हवं. काटा 700 आणि 900च्या मधे झोके खात होता. वडिलांनी टॉर्च नाकारली. पंख्यापासून लांब राहून पाइपाच्या खालच्या बाजूने, जिथे डोळा पोहोचत नाही तिथे, घडीघडीतून बोट फिरवत गेले. चौथ्या घडीपाशी थांबले.

"अरे, ही इथनं ओढतेय."

आणि त्यांनी ती घडी मुठीत दाबून धरली.

इंजिनाचा आवाज बदलला. काटा स्थिर झाला. मुलाच्या हातातला मीटर 0.1वरून हलला. 0.4. 0.8. 0.2. 0.7. सेन्सर जिवंत होता. इतके दिवस खरंच बोलत होता.

मूठ सोडली. 0.1.

मूठ धरली. झोपाळा सुरू.

हे त्यांनी पाचसहा वेळा केलं. गरज एकदाचीच होती.

(नवा पाइप. क्लिप आवळण्याचा आवाज.)

1996 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना सोळा पिनांचं सॉकेट आलं. स्वस्तातला स्कॅनर लावला की सरळ अक्षरांत कोड दिसतो, वायरचा तुकडा नको की बोटं मोजणं नको. त्या गाड्यांत हाच बिघाड पी 0171 म्हणून येईल: मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. वाचायला सोपं, आणि चुकीचा सुटा भाग मागवायलाही तितकंच सोपं. त्या गाड्यांत चेक इंजिनचा दिवा चालताना लुकलुकायला लागला, तर मात्र कोड वाचत बसू नका. बहुधा गाडी मिसिंग मारतेय आणि न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचला.

याच मियाटाचं अजून एक गुपित सांगतो, कारण ते विकणाऱ्यालाही बऱ्याचदा ठाऊक नसतं. 1994 पर्यंत हिच्या ऑइल प्रेशरचा काटा खरा होता, इंजिनाबरोबर वर चढायचा, खाली यायचा. 1995 पासून काटा तोच, डायल तीच, पण मागे फक्त एक स्विच. प्रेशर किमान आहे, काटा मध्यावर. नाही, काटा खाली. आयडलिंगला काटा जरा खाली आला की ग्राहक घाबरत असावेत, असं म्हणतात. तेव्हा नंतरच्या मॉडेलमध्ये काटा मध्यावर अगदी ठाम दिसला, तर त्याला फार मानू नका.

(संध्याकाळ. टप उघडलेलं. दोघं आत.)

पाइप बसला. तक्रारवही या वेळी मुद्दाम कोरी केली: बॅटरीची निगेटिव्ह काढली, ब्रेक पेडल वीसेक सेकंद दाबून धरलं, वायर परत लावली. किल्ली अर्धी. सगळे हजर, पिवळासुद्धा. सेल्फ. सगळे घरी.

चौथा सिग्नल गेला. पाचवा गेला. वडील रस्त्याकडे बघत नव्हते.

हायवेला लागायच्या लांब गोल वळणावर, मुलाने पाय जरा जास्तच दिला तेव्हा, डॅशबोर्डवर काहीतरी लाल चमकलं आणि गेलं. वळण संपलं, काही नाही. पुढच्या वळणावर परत.

हँडब्रेक खालीच होता. तोच दिवा ब्रेक ऑइलच्या डबीतल्या तरंगत्या बोंडालाही जोडलेला असतो. पातळी खाली गेलेली असली की वळणावर ऑइल एका अंगाला जातं, बोंड क्षणभर टेकतं. ब्रेकचे पॅड झिजले की त्यांना दाबणारे पिस्टन बाहेर येतात आणि डबीतलं ऑइल तेवढं खाली उतरतं. म्हणून वरून नुसतं ऑइल ओतलं की हाही दिवा गप्प होतो. गळती कुठे नाही ना, तेही बघावं लागतं.

"उद्या पुढची चाकं काढू," वडील म्हणाले, आणि कानावरची पेन्सिल काढून वहीत लिहिलं. "आता सावकाश घरी घे."