ओपन ते क्लोज

(दृश्य: वहीचा चतकोर कागद, बॉलपेनाने लिहिलेले आकडे, कडेला कार्बनची निळी बोटं.)

हा कागद नीट बघा. एका बाजूला आकडा, त्याच्यापुढे रक्कम, वर ‘ओपन’ची खूण. नाव नाही, सही नाही, शिक्का नाही. एवढ्याशा चिठोऱ्यावर मुंबईची एक अख्खी पिढी पैसे लावत आली. मटक्याचा धंदा शब्दावर चालतो, लागला आकडा की पैसे चोख मिळतात, हे खेळणारे आजही अभिमानाने सांगतात. त्यांचं म्हणणं खोटं आहे असंही नाही. पण आज आपण लागलेल्या आकड्याकडे बघणार नाही. थोडक्यात हुकलेल्या आकड्याकडे बघणार आहोत.

(दृश्य: कापसाच्या गाठी, तारयंत्राची पट्टी.)

सुरुवात कापसाची. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडताना भाव किती आणि बंद होताना किती, हे तारेने मुंबईत यायचं आणि त्यावर इथे पैजा लागायच्या. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथून आले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून येणारे हे भाव थांबले. मग मुंबईच्या सटोडियांनी कापूस काढून टाकला आणि आकडा तेवढा ठेवला. कच्छहून आलेल्या, वरळीत किराणा दुकान चालवणाऱ्या कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये आपला मटका सुरू केला. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या रतन खत्री यांनी १९६४ मध्ये. आधी मडक्यातून चिठ्ठी काढत, म्हणून मटका. पुढे मडकं गेलं, पत्त्यांचा कॅट आला. नाव तेच राहिलं.

गिऱ्हाईक कोण? मुख्यतः गिरणगाव. लालबाग, परळ, वरळी. पाळी सुटली की खानावळीकडे जाताना वाटेतच चिठ्ठी लिहून घेणारा रायटर बसलेला.

(दृश्य: टेबलावर एकेक करून तीन पत्ते उलटतात: पंजा, तिर्री, छक्का.)

खेळ असा. तीन पत्ते निघाले, ५, ३, ६. बेरीज १४, त्यातला शेवटचा अंक चौका. हा ओपन, रात्री नऊच्या सुमारास. बाराच्या सुमारास आणखी तीन पत्ते, ८, २, ८. बेरीज १८, म्हणजे अठ्ठा. हा क्लोज. दोन्ही मिळून जोडी ४८. नुसता ओपन किंवा नुसता क्लोज लावला आणि लागला, तर रुपयाला नऊ. जोडी लागली तर साधारण नव्वद. पेढीप्रमाणे भाव थोडा इकडेतिकडे.

शाळेतल्या पोराला येईल असं गणित आहे. आकडे दहा, पैसे नऊपट. जोड्या शंभर, पैसे नव्वदपट. कसंही लावा, सरासरीने रुपयामागे दहा पैसे खायवालाच्या, म्हणजे पैजा घेणाऱ्याच्या गल्ल्यात. समजा, साचेखात्यातला एखादा कामगार वर्षातले तीनशे दिवस रोज दोन रुपये लावतो. सहाशे लावले, साठ गेले. त्या काळातही साठ रुपयांनी कुणी देशोधडीला लागत नव्हतं. मग घरं कशी बुडाली?

कारण तो दोन रुपयांवर थांबत नव्हता. का थांबत नव्हता, याचं उत्तर ओपन आणि क्लोजच्या मधल्या तीन तासांत आहे.

(दृश्य: रात्र, चाळीची गॅलरी, एकाच खोलीत दिवा.)

त्याने ४८ लावली आहे. नऊ वाजता निरोप येतो, ओपन चौका! अर्धी जोडी हातात. आता फक्त अठ्ठा हवा. झोप कसली येते? तीन तास तो मनातल्या मनात नव्वदपट पैसे खर्च करतो. देणं फेडतो, गावी मनीऑर्डर करतो, बायकोला लुगडं घेतो. बाराला क्लोज येतो, सत्ता. एका घराने हुकलं.

किती वेळा हुकतं तेही मोजू या. शंभर निकालांत पुरी जोडी एकदा लागते. नऊदा ओपन जुळतो आणि क्लोज दगा देतो, नऊदा याच्या उलट. म्हणजे पूर्ण एकदा आणि अर्धं अठरा वेळा. खेळणारा या अठरांना हार समजतच नाही. ‘आज होतंच की!’ असं म्हणतो.

(दृश्य: स्कॅनिंगचं यंत्र. पडद्यावर दोन चक्रं.)

केंब्रिज विद्यापीठात ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच ‘होतंच की’ तपासली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात दोन चक्रांचा एक साधा जुगार होता. डाव्या चक्रावर एक चित्र ठरवायचं, उजवं चक्र फिरवायचं, जुळलं तर पैसे. कधी उजवं चक्र हव्या त्या चित्राच्या एक घर अलीकडे किंवा पलीकडे थांबायचं. साफ हरण्यापेक्षा असं हुकणं लोकांना जास्त टोचलं. तरीही पुन्हा खेळायची इच्छा त्यानेच वाढली. पैसे जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यातले काही नुसतं हुकल्यावरही जागे झालेले स्कॅनमध्ये दिसले. खिशात दमडी आलेली नसताना!

यातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. खेळायची ओढ वाढली ती चित्र स्वतः निवडलं तेव्हा. तेच चित्र संगणकाने निवडून दिलं, तेव्हा नाही. आता मटका आठवा. तिथे आकडा कोण निवडतो? आपणच. स्वप्नात दिसलेली गाडी, तिचा नंबर, एखाद्या बुवाने वर केलेली बोटं, पोराचा वाढदिवस. आकडा ‘माझा’ असतो, आणि माझा आकडा हुकला की तो सोडवत नाही.

(दृश्य: जुन्या निकालांची चोपडी, बारीक छपाई, समासात पेन्सिलीच्या खुणा.)

ही चोपडी म्हणजे चार्ट. मागच्या कित्येक वर्षांचे ओपन-क्लोज. पंचांगाने बघितलं नसेल इतकं प्रेम या कागदांनी बघितलंय. ‘सत्ता पंधरा दिवस ओपनला आलेला नाही, आता येणारच.’ ऐकायला पटतं. पण पत्त्यांना काल काय निघालं ते आठवत नसतं. ठरावीक एक आकडा पंधरा दिवस न येण्याची शक्यता जवळजवळ पाचात एक, म्हणजे त्यात नवल काहीच नाही. १९१३ मध्ये मॉण्टे कार्लोच्या कॅसिनोत चेंडू सलग २६ वेळा काळ्यावर पडला. आता लाल येणारच म्हणून भल्याभल्या धनिकांनी लालवर पैसे ओतले आणि घालवले. त्यांच्याकडे चार्ट नव्हता, समजूत मात्र तीच होती.

वैद्यकशास्त्राला हे मानायला वेळ लागला. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात जुगाराच्या आजाराला १९८० मध्ये जागा मिळाली, पण आवेग न आवरण्याचा विकार म्हणून. दारू आणि अमली पदार्थांच्या पंगतीत तो बसला २०१३ मध्ये. आपल्या आज्या हे आधीपासून ‘नाद’ या एकाच शब्दात सांगत होत्या, बाटलीचाही नाद आणि आकड्याचाही नाद.

(दृश्य: रिकामी फडताळं. भिंतीवर खिळा, त्याच्याभोवती फ्रेमचा फिकट चौकोन.)

हानी मोजायची कशी? ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेला हिशेब असा की एका गंभीर जुगाऱ्याची झळ साधारण सहा माणसांना लागते. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत माणसं साधारण तेवढीच असायची. तिथल्याच व्हिक्टोरिया राज्यातल्या अभ्यासाने आणखी एक अवघड गोष्ट पुढे आणली. समाजात होणाऱ्या एकूण हानीचा मोठा वाटा गंभीर जुगाऱ्यांच्या नावावर नाही. थोडंथोडं खेळणाऱ्यांच्या नावावर आहे, कारण ते संख्येने कितीतरी जास्त. आपलं लक्ष मात्र घर विकणाऱ्यावर असतं. रोज दोन रुपये लावणाऱ्याच्या घरात दूध अर्धा शेर कमी आलं, हे कुठल्या वहीत लिहिलं जात नाही.

दुसरं टोकही आहेच. स्वीडनमध्ये जुगाराच्या आजाराचं निदान झालेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण इतरांच्या सुमारे १५ पट आढळलं. हा व्हिडिओ बघताना कुणाची आठवण आली असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्यापर्यंत पोचवा. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

गोव्याचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांपुढे मांडवीतल्या झगमगत्या कॅसिनो-बोटी येतात. तिथल्या सुमारे दीड हजार पुरुषांच्या पाहणीत जवळजवळ ४५ टक्क्यांनी कधी ना कधी जुगार खेळल्याचं सांगितलं. सगळ्यात जास्त कुठला? लॉटरी. बोट दिसते पणजीच्या पुलावरून. लॉटरीचं तिकीट शर्टाच्या खिशात असतं, ते कुणाला दिसत नाही.

(दृश्य: लोकलचा डबा. अंगठा पडद्यावर सरकतोय, फिरत्या चक्राचा उजेड चेहऱ्यावर.)

आणि आता तर कागदही नाही. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जगभरचा अंदाज दिला, सुमारे ४५ कोटी प्रौढांना जुगाराची काही ना काही झळ, त्यातले किमान आठ कोटी आजाराच्या पायरीवर. खेळाचा वेग जितका जास्त, तितका तो घातक, यावर संशोधकांचं बहुतांशी एकमत आहे. मटक्यात ओपन ते क्लोज तीन तास होते. बाराला हुकलं की पुढचा डाव लावायला दिवस उजाडावा लागे, आणि तेवढ्यात एखाद्याचं डोकं थंडही होई. फोनवर ओपन आणि क्लोजमध्ये श्वास घेण्याएवढंही अंतर नाही.

२०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वादच त्यात बाजूला ठेवला. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला, पैसे फिरवून देणाऱ्याला. खेळणाऱ्याला नाही, त्याला हा कायदा नुकसान झालेला माणूस मानतो. इतक्या वर्षांच्या संशोधनातलं निदान एवढं तरी दिल्लीपर्यंत पोचलं.

(दृश्य: जिन्याखालचा अंधार. तोच चतकोर कागद हातातून हातात.)

चिठ्ठीवाला मात्र अजून १८८७च्या जुगारबंदी कायद्याखालीच येतो. धाड पडली की रायटरबरोबर गिऱ्हाइकालाही गाडीत बसवतात. खिसे तपासले जातात, चिठ्ठ्यांचा पंचनामा होतो, आकडे एकाखाली एक लिहून घेतले जातात. रात्री चौकीच्या बाकावर बसल्या बसल्या कुणीतरी हळूच शेजारच्याला विचारतो, क्लोज काय आला?