थकव्याचा माग: ताटापासून रक्तापर्यंत

पडद्यावर दिसते आहे ती मुंबईत परळला असलेली, हाफकिन या वैद्यकीय संशोधन संस्थेची जुनी वास्तू. एकेकाळी येथे मुंबईच्या गव्हर्नरांचा निवास होता. 1928 साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि या संस्थेत त्यांनी गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास सुरू केला. या स्त्रियांमध्ये कापड गिरण्यांत राबणाऱ्या कामगार स्त्रियाही होत्या. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. गरोदरपणातला हा आजार अनेकींच्या जिवावर बेतत असे. विल्स यांनी या स्त्रियांच्या आहाराची बारकाईने चौकशी केली, तेव्हा त्यांच्या जेवणात भाज्या, फळे आणि प्रथिने फारच कमी असल्याचे त्यांना आढळले. पुढे मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर रुग्ण झपाट्याने सुधारू लागले, आणि 1931 साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अर्कात असलेला घटक म्हणजे फॉलिक आम्ल, ब गटातील एक जीवनसत्त्व. आज सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांना लोहाच्या जोडीने जी गोळी मिळते, तिच्यात तेच असते.

पोटाचे आरोग्य आणि अंगातील तरतरी यांविषयी बोलताना सुरुवात परळपासून करण्याचे कारण असे, की विल्स यांनी औषध शोधण्याआधी ताटात काय वाढले जाते याची विचारपूस केली. थकवा आला की टॉनिकची बाटली आणि पोट बिघडले की चूर्णाची पुडी, असा जो शिरस्ता आपल्याकडे पडून गेला आहे, त्यात नेमकी हीच विचारपूस राहून जाते.

अन्न खाल्ले म्हणजे ते अंगी लागलेच असे नाही. उदाहरणादाखल ब-12 या जीवनसत्त्वाचा प्रवास पाहू. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळते. जठरातील आम्ल आणि पाचकरस त्याला अन्नातील प्रथिनांपासून सुटे करतात, जठराच्याच अस्तरातून स्रवणारे एक प्रथिन पुढे त्याला सोबत देते, आणि सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात ते रक्तात शोषले जाते. या वाटेवर कुठेही अडथळा आला, तर ताट भरलेले असूनही शरीर उपाशी राहते. अ‍ॅसिडिटीसाठी रोज सकाळी घेतली जाणारी, जठरातील आम्ल कमी करणारी गोळी वर्षानुवर्षे चालू राहिली, तर असा अडथळा निर्माण होऊ शकतो. मधुमेहावरील मेटफॉर्मिनमुळेही ब-12 घटू शकते. या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, परंतु त्या दीर्घकाळ घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी ब-12 च्या तपासणीविषयी जरूर बोलावे.

हा विषय महाराष्ट्राच्या फार जवळचा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला, त्यात सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-12 कमी आढळले. यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे कमतरता सावकाश आणि नकळत वाढते. हातापायांना मुंग्या येणे, जीभ हुळहुळणे, थोड्या कामानेही दमणे अशा तक्रारी वयावर किंवा कामाच्या ताणावर ढकलल्या जातात. येथे विल्स यांच्या शोधाची दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी. ब-12 कमी असताना नुसते फॉलिक आम्ल घेत राहिले, तर रक्ताचा अहवाल सुधारतो, पण मज्जातंतूंचे नुकसान आतल्या आत चालूच राहते. दुकानातून परस्पर गोळ्या आणण्यातला धोका यापेक्षा स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

आता स्वयंपाकघराकडे वळू. पडद्यावर दिसणारी ही मटकी रात्रभर भिजवून, उपसून, ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवलेली होती. फडके सोडताच पांढरे कोंब दिसतात आणि हिरवट, ओलसर वास येतो. कडधान्यांतील फायटिक आम्ल लोह आणि जस्त यांना धरून ठेवते, तर त्यांतील काही शर्करा आपल्याला पचत नाहीत, त्या मोठ्या आतड्यातील जिवाणूंच्या वाट्याला जातात आणि पोटात वायू धरतो. भिजवल्याने आणि मोड आणल्याने या दोन्ही गोष्टी कमी होतात. उसळीवर पिळलेले लिंबू चवीपुरते नसते. त्यातील क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोह अधिक शोषले जाते. याउलट जेवणाला लागूनच घेतलेला चहा हे शोषण घटवतो. ज्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2019 ते 2021 या काळात दिसले, तेथे चहाचा कप जेवणापासून तासभर दूर सारणे हा बिनखर्चाचा उपाय आहे, आणि तो सांगितला मात्र फारसा जात नाही.

ज्वारीची भाकरी, नाचणीची आंबील, जेवणानंतरचे ताक हे सारे जुन्या दिवसांच्या हळहळीपोटी परत आणण्याची गरज नाही. त्यांची उपयुक्तता आजच्या कसोटीवरही टिकते. भारतीय आहारविषयक शिफारशींनुसार 2000 किलोकॅलरीच्या आहारात सुमारे 30 ग्रॅम तंतू (फायबर) असावेत. मैद्याचा पाव, पांढरा भात आणि बिस्किटे यांवर भागवणाऱ्याला तो आकडा गाठणे कठीण जाते. हे तंतू आपल्याला पचत नाहीत, परंतु मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांपासून ब्युटिरेट नावाचे मेदाम्ल तयार करतात आणि आतड्याच्या अस्तरातील पेशींना बहुतांश ऊर्जा त्यातूनच मिळते. मात्र तंतूंचे प्रमाण हळूहळू वाढवावे. एकाच आठवड्यात सगळे बदलणाऱ्याचे पोट फुगते आणि सगळा दोष बिचाऱ्या भाकरीला लागतो. ताकात विरजणामुळे दुधातील शर्करा काहीशी कमी झालेली असते, म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांना ते सोसते.

पूरक पदार्थांमध्ये इसबगोलाचे स्थान वेगळे आहे. पेल्यातील पाण्यात चमचाभर भुशी टाकून ढवळली, की काही मिनिटांत तिचा दाट, बुळबुळीत लगदा होतो. आतड्यातही ती अशीच पाणी धरून ठेवते, त्यामुळे मल मऊ होतो. त्यासाठी ती भरपूर पाण्यासोबत घ्यावी लागते; कोरडी गिळल्यास ती घशात अडकू शकते. लोहाच्या गोळ्यांनी काहींना बद्धकोष्ठता होते आणि शौचाचा रंग काळपट होतो. हा रंग अपेक्षित असतो, घाबरण्यासारखा नसतो. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी मात्र एकाच वेळी घेऊ नये. प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयुक्त मानल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या, कॅप्सुलांविषयी बोलायचे, तर त्यांचा परिणाम जिवाणूच्या विशिष्ट प्रकारावर आणि आजारावर अवलंबून असतो, त्यामुळे सरसकट सर्वांनी त्या घ्याव्यात असा सल्ला देण्यास पुरेसा आधार नाही.

दिनचर्येबद्दल थोडक्यात सांगता येईल. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तासांचे अंतर ठेवल्यास छातीतील जळजळ कमी होते. जेवणानंतरच्या शतपावलीने रक्तातील साखर एकदम चढत नाही, आणि त्यामुळे दुपारी येणारी सुस्तीही काहींना कमी जाणवते. अपुरी झोप भूक वाढवते आणि गोड खाण्याची ओढही वाढवते.

आहार सुधारूनही थकवा हटत नसेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारे प्रथिन), ब-12, थायरॉइड आणि रक्तातील साखर यांच्या तपासण्यांपासून डॉक्टर बहुधा सुरुवात करतात. विनाकारण वजन घटणे, शौचातून रक्त पडणे, लोहाची गोळी चालू नसताना शौच डांबरासारखे काळे होणे, गिळताना अडकणे किंवा पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक बदल होणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा. रक्तक्षयाचे निदान होऊन लोह सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच नव्या पेशी तयार होऊ लागतात आणि माणसाला बरे वाटू लागते, आणि बहुतेक जण गोळ्या नेमक्या याच टप्प्यावर सोडून देतात. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यानंतरही शरीरातील लोहाचा साठा भरून येण्यासाठी साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, आणि त्या कधी थांबवायच्या हे पुन्हा रक्त तपासूनच ठरते.