साडेसहा म्हणजे आपले बारा

(ठाणे स्टेशन, फलाट क्रमांक दहा. रात्रीचे साडेआठ.)

ऐरोलीकडून ट्रान्स-हार्बरची गाडी आली की फलाटावर पाय ठेवायला जागा उरत नाही. गळ्यात ओळखपत्र, पाठीवरची सॅक पोटाशी घेतलेली, आणि प्रत्येकाला पूल ओलांडून कल्याणची फास्ट पकडायची घाई. गाडी रिकामी झाली की तिच्यात उलट दिशेने जाणारी थोडीशी माणसं चढतात. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरची. घरून जेवून निघालेली. एवढ्या वर्षांत यांना विंडो सीटसाठी कधी भांडावं लागलेलं नाही. रात्रपाळीचा म्हणाल तर हाच एक फायदा.

२००४ साली ठाणे-वाशी मार्गावर लोकल धावू लागली, तेव्हा ऐरोली, रबाळे, महापे म्हणजे एमआयडीसीचा कारखान्यांचा पट्टा होता. आता तिथे काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांच्या अधेमधे खिडक्या नसलेली डेटा सेंटर. मुंबईतला सॉफ्टवेअरवाला म्हटलं की लोकांना पवईतला लॅपटॉपवाला तरुण आठवतो, नवीन ॲप काढणारा. आपण भेटायला चाललोय ती माणसं तशी नाहीत. शेवटचा नवा प्रोग्रॅम कधी लिहिलात, असं विचारलं की ती एकमेकांकडे बघून हसतात. ही प्रॉडक्शन सपोर्टची, म्हणजे चालू सिस्टिम सांभाळणारी मंडळी. बँकेचा दिवस बंद करणं हे यांचं काम.

(ऑफिसचा मजला. अर्धे दिवे बंद. एका कोपऱ्यात सहा-सात स्क्रीन.)

बँकेत दिवस आपोआप संपत नाही. तो संपवावा लागतो. आधी कट-ऑफ लागतो, म्हणजे यापुढचे व्यवहार दुसऱ्या दिवसाचे. दिवसभराच्या व्यवहारांची खतावणी होते, जमा आणि नावे यांचा ताळमेळ बसला का ते पाहिलं जातं. प्रत्येक बचत खात्यावरचं त्या दिवसाचं व्याज मोजून बाजूला ठेवलं जातं. ज्यांचे हप्ते थकलेत त्यांच्या थकबाकीत आणखी एक दिवस वाढतो. नव्वद दिवस ओलांडले की कर्ज एनपीए, म्हणजे अनुत्पादित. मग रिपोर्ट निघतात, आणि सगळ्यात शेवटी सिस्टिमची तारीख बदलते. याला म्हणतात ईओडी, एंड ऑफ डे. शेकडो लहान-मोठे जॉब, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने. आधीचा हिरवा, म्हणजे पूर्ण, झाल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही.

मुंबईला हे काम नवीन नाही. १९६८ साली इथे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली. तिच्या अगदी सुरुवातीच्या कामांत एक होतं सेंट्रल बँकेच्या शाखा-शाखांमधल्या व्यवहारांचा ताळमेळ घालून देण्याचं. पुढे बँकांमध्ये संगणक आणायचे तर युनियनचा विरोध होता. १९८३ मध्ये करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि काउंटरमागे लेजर पोस्टिंगची यंत्रं दिसू लागली. यंत्रं बदलली, कागद गेला, पण रात्री हिशेब जुळला पाहिजे ही अट काही सुटली नाही.

आणि नियम बदलला की त्याचं ओझं रात्रीवर येतं. आपल्या वडीलधाऱ्यांची एक शिकवण असायची: पैसे भरायचे तर दहा तारखेच्या आत भर. कारण महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच बचत खात्याचं व्याज मिळायचं. १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिल्लकेवर मोजायचं ठरलं. ग्राहकाच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट. इकडे मात्र महिन्यातून एकदा करायची आकडेमोड रोज रात्रीची झाली.

(स्क्रीनचा क्लोजअप. लॉगच्या, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीच्या, ओळी वर सरकताहेत.)

टीममध्ये नवा मुलगा आला की पहिल्या आठवड्यात त्याला घड्याळ शिकवावं लागतं. बरेचसे सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे लॉगमध्ये १८:३० दिसलं की इथे मध्यरात्र. इथल्या लीड मॅडम ते एका वाक्यात उरकतात: "साडेसहा म्हणजे आपले बारा. बाकी सगळं त्यावरून मोज."

दिसायला सोपं आहे. पण एखाद्या प्रोग्रॅमने तारीख चुकून सर्व्हरच्या घड्याळावरून घेतली, तर रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळातला प्रत्येक व्यवहार आदल्या दिवसावर पडतो. महिन्याची पहिली तारीख असेल तर आदल्या महिन्यावर. मार्चअखेर असेल तर विचारूच नका. मुंबई घड्याळाच्या बाबतीत मुळातच हट्टी. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी या शहराने आपला बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत सोडला नाही. प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे! तेव्हा हे सर्व्हर नव्हते, हे सपोर्टवाल्यांचं नशीब.

(बाहेर पाऊस. काचेवर ओघळ.)

आजची रात्र तीस जूनची. तिमाही संपली. तीन महिने रोज मोजून ठेवलेलं व्याज आज खरोखर खात्यांत जमा व्हायचं आहे. दोनच्या सुमारास नेमका तोच जॉब लाल होतो, म्हणजे मध्येच पडतो.

लॉगमध्ये ओरॅकल डेटाबेसच्या एररची ओळ आहे: ओआरए-०००६०. डेडलॉक.

स्क्रीनसमोर नवा मुलगा आहे. त्याचा हात माउसवर, जॉब पुन्हा चालवायच्या रीरन बटणाजवळ.

"मॅडम, रीरन मारू?"

"थांब. हात काढ आधी."

"पण पुढचे सगळे अडकलेत..."

"अडकू देत. किती खात्यांत जमा झालं?"

"निम्मी झाली असतील."

"असतील नको. मोजून सांग."

मुलगा क्वेरी लिहितो. कॉलवर बँकेचे साहेब आहेत. दर थोड्या वेळाने विचारतात, ईटीए काय, म्हणजे अजून किती वेळ? मॅडम माइक म्यूट करून पाण्याचा घोट घेतात. मग माइक उघडून म्हणतात, "सर, आम्ही बघतोय. वीस मिनिटांनी सांगते." आणि पुन्हा म्यूट.

इथे जरा थांबू, कारण या कामातली खरी गोम इथे आहे. हा जॉब लाखो खाती एका दमात करत नाही. काही हजार खाती झाली की कमिट करतो, म्हणजे तेवढं काम पक्कं. मग पुढची काही हजार. मध्येच पडला तर शेवटचा अर्धवट गठ्ठा मागे फिरतो, पण आधीची खाती झाली ती झालीच. आता हा प्रोग्रॅम जुना. लिहिणारा कधीच दुसरीकडे गेला. पडलो तिथूनच पुढे सुरू व्हावं, अशी सोय त्याने केलेलीच नाही. रीरनचं बटण दाबलं की प्रोग्रॅम पहिल्या खात्यापासून सुरू होणार, आणि ज्यांना व्याज मिळालंय त्यांना ते पुन्हा मिळणार.

"कमी मिळालं तर लोक सकाळी नऊला शाखेत हजर," मॅडम आम्हाला सांगतात. "जास्त मिळालं तर कोणी फोन करत नाही. मग आपल्याला कळतं दोन दिवसांनी. तोवर कोणी ते काढलंय, कोणाचा त्यातून हप्ता गेलाय. उलट्या नोंदी करताना खातं खाली जातं. कॉलेजात शिकवतात, एरर आली की दुरुस्त करा. इथे आधी विचारायचं, कुठवर पोचलं होतं?"

दोन आकडे वहीत उतरवले जातात: किती खात्यांत जमा व्हायचं होतं, किती खात्यांत झालं. शेवटचं पक्कं झालेलं खातं सापडतं. आकडा डेटाबेसवाल्याकडून पडताळून घेतला जातो, त्याच्यापुढचा भाग वेगळा काढून जॉबला दिला जातो, बँकेकडून मेलवर होकार येतो. मग बटण. या सगळ्यात पाऊण तास जातो. जॉब स्वतः त्याहून कमी वेळात संपतो.

आणि डेडलॉक झालाच कसा? जॉबने एक खातं धरून ठेवलं होतं आणि त्याला दुसरं हवं होतं. त्याच क्षणी एका ऑनलाइन व्यवहाराने ते दुसरं धरलं होतं आणि त्याला पहिलं हवं होतं. दोघेही हटेनात. शेवटी डेटाबेसने एकाला मागे खेचलं.

रात्री दोनला कोण पैसे पाठवतं, असं वाटेल. गेटबाहेर जाऊन बघा. भुर्जीपावच्या गाडीला क्यूआर कोड लटकवलेला आहे, आणि तो स्कॅन करणाऱ्यांत निम्मे याच इमारतीतले.

रेल्वेला निदान रविवारी मेगाब्लॉक घेता येतो, आणि शेवटची लोकल गेल्यावर रुळांवर काम करायला दोन-तीन तास हक्काचे मिळतात. बँकेच्या सिस्टिमलाही एके काळी अशी रात्र होती. २०१६ मध्ये यूपीआय आलं. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास सुरू झालं, डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस. ऑगस्ट २०२१ पासून पगार आणि हप्ते सुट्टीच्या दिवशीही जमा-वजा होऊ लागले. एकेक निर्णय लोकांच्या सोयीचा, वाद नाही. पण दिवस बंद करायचं काम तेवढंच राहिलं आणि त्यासाठी लागणारी सामसूम गेली. आता चालू दुकानात गल्ला मोजायचा, आणि तोही गिऱ्हाइकाला न कळता. आमच्या मते, रात्रपाळीतल्या चुकांमागे झोपेपेक्षा ही आक्रसलेली वेळच जास्त असते.

(इमारतीचं फाटक. पांढऱ्या गाड्यांची रांग.)

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेची व घरी पोचवण्याची जबाबदारी मालकाची. म्हणून गाडी. आणि शेवटी उतरणारी प्रवासी बाई असेल तर गाडीत सुरक्षारक्षक. मॅडमचं घर डोंबिवली पूर्वेला. त्या घरी पोचतात तेव्हा मुलगी शाळेच्या रिक्षात बसत असते. सासूबाईंना अजून नीटसं समजलेलं नाही की सून रात्रभर नेमकं काय करते. त्या शेजारणींना सांगतात, "बँकेत आहे, रात्रीच्या." बँकेतल्या लोकांना मात्र ही बाई कोण हे ठाऊक नाही.

आज गाडी लवकर मिळणार नाही. ठाण्यात पाणी भरलंय आणि सकाळच्या पाळीचे निम्मे लोक घरूनच लॉगिन करताहेत. त्यामुळे हँडओव्हर कॉलवरच होतो. तारीख बदलली, शाखा वेळेवर उघडतील. व्याज एकदाच जमा झालं.

तरीही कॉलवर पहिला प्रश्न येतो तो उशिराचा. बँकेचे साहेब विचारतात, "लगेच रीरन केला असता तर पाऊण तास वाचला नसता का?" मॅडम दोन्ही आकडे वाचून दाखवतात. पलीकडे क्षणभर शांतता, मग, "ठीक आहे, आरसीए मेल करा."

आरसीए म्हणजे झाल्या प्रकाराचं कारण आणि त्यावरचा उपाय. उपाय सगळ्यांना माहीत आहे: प्रोग्रॅमला पडल्या जागेवरून पुढे चालायला शिकवा. कोडिंगचं काम थोडंच आहे. पण तपासायला काही आठवडे, मंजुऱ्या वेगळ्या, आणि नवीन फीचरवाल्यांची रांग पुढे. चालतंय त्याला हात कोण लावणार? हीच विनंती मागेही केलेली होती. यादीत ती अजून आहे, खालून तिसरी. मॅडमनी आजच्या मेलमध्ये तिचा क्रमांक ठळक अक्षरांत टाकला.

नव्या मुलाने सप्टेंबरअखेरच्या रात्रीसाठी आपणहून नाव दिलं आहे. मॅडमनी ते घेतलं, पण बाजूच्या खुर्चीसाठी. तिथे तो लॉग वाचेल आणि आकडे मोजेल. रीरनचा ॲक्सेस त्याला डिसेंबरनंतर.