आरशांच्या फटीत अडकलेला उजेड

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या चमकणाऱ्या कणानं उजेड कधी टाकायचा, हे कोण ठरवतं? तो कणच, असं आपण धरून चालतो, आणि भौतिकशास्त्रातही बराच काळ तसंच धरलं जायचं. अणूला ऊर्जा मिळाली की तो उत्तेजित होतो, थोडा थांबतो आणि प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, सोडून देतो. किती थांबायचं हा त्याचा जन्मजात स्वभाव, अशी समजूत होती.

1946 साली एडवर्ड पर्सेल या अमेरिकी शास्त्रज्ञानं जेमतेम काही ओळींचं टिपण छापलं आणि ही समजूत हलवली. आपण आत्ता आकाशवाणीवर बोलतोय म्हणून मुद्दाम सांगतो, पर्सेल यांच्या डोळ्यांसमोर दिसणारा प्रकाश नव्हताच, रेडिओलहरी होत्या. एक कोटी हर्ट्झ, म्हणजे जुन्या रेडिओच्या शॉर्टवेव्ह पट्ट्यातली लहर. त्यांचा हिशेब असा, की अणुकेंद्राला एकट्यानं अशी लहर टाकून शांत व्हायचं असेल, तर 5 वर 21 शून्यं इतके सेकंद लागतील. विश्वाच्या वयाच्या दहा हजार पट! पण त्याच पदार्थात त्याच लहरीला साद देणारे धातूचे बारीक कण मिसळले, की काम मिनिटांवर येतं. केंद्र तेच, फक्त शेजार बदलला.

आता हाच शेजार प्रकाशासाठी बांधायचा, तर खोली फार लहान हवी. तिला मायक्रोकॅव्हिटी म्हणतात. समोरासमोर दोन आरसे, आणि मधली फट साधारण प्रकाशाच्या एका तरंगलांबीएवढी. आरसा कशाचा करायचा? हुपरीची चांदी कितीही लखलखीत केली, तरी पडलेल्या उजेडातला थोडा भाग ती गिळतेच, आणि इथं तेवढीही गळती परवडत नाही. म्हणून धातू वापरतच नाहीत. गॅलियम आर्सेनाइड आणि अॅल्युमिनियम आर्सेनाइड या दोन अर्धवाहकांचे थर आलटून पालटून चढवतात. प्रत्येक थराची जाडी त्या पदार्थातल्या तरंगलांबीच्या बरोबर एक चतुर्थांश, म्हणजे साधारण 65 ते 75 नॅनोमीटर. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्याला मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, समजावून सांगावा लागत नाही. हा थर त्या मायक्रॉनच्याही चौदाव्या-पंधराव्या हिश्श्याचा.

दोन थरांच्या एका सीमेवरून परतणारा प्रकाश शंभरात एक भागसुद्धा नसतो. मग याला आरसा म्हणायचं कसं? तर जाडी अशी राखलेली असते, की प्रत्येक सीमेवरून परतलेली लहर बाकीच्यांच्या पावलात पाऊल टाकूनच निघते. अशा वीस-पंचवीस जोड्या झाल्या की शंभरातले नव्याण्णवहून जास्त भाग माघारी येतात. पारदर्शक थरांतून तयार झालेला हा आरसा मला तरी या साऱ्या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

फटीत मधोमध बसवतात क्वांटम डॉट: इंडियम आर्सेनाइडचा ठिपका, वीसेक नॅनोमीटर रुंद आणि काहीच नॅनोमीटर उंच. त्यात इलेक्ट्रॉन कोंडला जातो आणि कोंडीच्या मापावर उजेडाचा रंग ठरतो. द्रावणात वाढवलेल्या अशाच नॅनोकणांच्या शोधाला 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. शिवाजी विद्यापीठातही अर्धवाहकांच्या पातळ थरांवर वर्षानुवर्षं काम झालेलं आहे, त्यामुळे हा विषय कोल्हापूरला अगदीच परका नाही.

प्रकाश पडला की ठिपक्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो, मागं रिकामी जागा उरते, आणि दोघांची जोडी होते. ही जोडी म्हणजे एक्सायटॉन. मोकळ्यावर ती सुमारे एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, मोडते आणि फोटॉन बाहेर पडतो. आरशांमध्ये तो आणखी लवकर पडतो, आणि वाटेल तिकडे न जाता ठरलेल्या दिशेनं जातो. एका वेळी एकच फोटॉन सोडणारे स्रोत असेच बनवतात; सुरक्षित संदेशवहनासाठी त्यांना मागणी आहे.

पण आरसे फारच चांगले असतील तर? तेव्हा फोटॉन निसटायच्या आत ठिपका त्याला परत शोषतो, पुन्हा सोडतो, पुन्हा शोषतो. याचं चित्र घरी बघता येतं. एक सुतळी सैलसर आडवी बांधा, तिला सारख्या लांबीचे दोन दोरे बांधून खाली दोन नट लटकवा आणि एकालाच झोका द्या. हळूहळू तो मंदावतो आणि ज्याला हात लावलेला नाही तो झुलायला लागतो, मग उलट. आता दोघांना एकाच दिशेनं झुलवा, नंतर विरुद्ध दिशांनी. दोन्ही वेळच्या लयी किंचित वेगळ्या निघतात. प्रयोगशाळेतही हेच दिसतं: जिथं एक रंगरेषा असायला हवी, तिथं दोन येतात. 1992 मध्ये क्लोद वाइसबुश, यासुहिको अराकावा आणि सहकाऱ्यांनी ही फाटाफूट नॅनोमीटर जाडीच्या थरांत दाखवली. एकट्या ठिपक्यावर ती दिसायला 2004 उजाडलं, आणि दोन वेगवेगळ्या गटांचे निबंध ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात आले.

या अवस्थेत धड प्रकाशही नसतो आणि धड पदार्थही नसतो. अर्धा-अर्धा असा जो कण उरतो, त्याला पोलॅरिटॉन म्हणतात. प्रकाशाचा वाटा असल्यामुळे तो कमालीचा हलका, इलेक्ट्रॉनच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही कमी. सत्येंद्रनाथ बोस यांच्या 1924 च्या गणितातून पुढे आलेली ती अवस्था, जिच्यात असंख्य कण एकाच लयीत येतात, ती रुबिडियम या धातूच्या अणूंना गाठायला निरपेक्ष शून्याच्या वर केल्व्हिनच्या कोट्यंश भागापर्यंत थंडी लागली होती. पोलॅरिटॉननी ती 2006 मध्ये 19 केल्व्हिनला गाठली. तेही उणे 254 अंश सेल्सिअस, पण त्या तुलनेत चक्क उकाडाच.

आरशांच्या फटीचा साधा उपयोग मात्र तुमच्या खिशापर्यंत आलेला आहे. चेहरा ओळखून उघडणाऱ्या अनेक फोनमध्ये न दिसणाऱ्या किरणांचे ठिपके चेहऱ्यावर टाकणारे बारीक लेसर असतात. तेही थरांच्या दोन आरशांमध्येच तयार होतात आणि चिपच्या पृष्ठभागातून सरळ वर निघतात. ही कल्पना केनिची इगा यांनी 1977 साली जपानमध्ये मांडली होती.

पोलॅरिटॉनचं घोडं अडतं ते उष्णतेवर. गॅलियम आर्सेनाइडमधली एक्सायटॉनची जोडी इतकी सैल, की खोलीच्या साध्या उबेनंही ती सुटते. झिंक ऑक्साइड, गॅलियम नायट्राइड आणि काही सेंद्रिय पदार्थांत मात्र ही जोडी घट्ट असते. त्यांच्यात खोलीच्या तापमानालाही पोलॅरिटॉन टिकलेले दिसले आहेत, आणि या क्षेत्रातली बरीच धडपड आता त्याच पदार्थांभोवती चालू आहे.

नमस्कार.