अर्धांगवायू आणि चिनी वनौषधी: काढ्याची वेळ आणि काढ्याची परीक्षा

अर्धांगवायूच्या रुग्णांना चीनमध्ये दिल्या जाणाऱ्या औषधांची यादी फार मोठी आहे. ती वाचून दाखवण्याऐवजी मी आज मुख्यतः एका काढ्याविषयी बोलणार आहे. बूयांग ह्वानवू थांग हे त्याचे नाव. वांग छिंगरन (१७६८–१८३१) या वैद्याने तो १८३० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘यीलिन गायत्स्वो’ या ग्रंथात सांगितला, आणि मेंदूच्या आघातानंतर लुळ्या पडलेल्या हातापायांसाठी तो आजही तिथे लिहून दिला जातो.

वांग छिंगरन हा विलक्षण धाडसी माणूस होता. १७९७ साली साथीत दगावलेल्या मुलांची उघडी पडलेली प्रेते पाहून त्याने शरीराची अंतर्रचना समजून घेतली आणि जुन्या ग्रंथांतील आकृत्या चुकीच्या आहेत असे स्पष्ट लिहिले. स्मरणशक्ती हृदयात नसून मेंदूत असते, असेही त्याने बजावले. अर्धांगवायूबाबत प्राचीन चिनी वैद्यांचे मत असे होते की बाहेरचा वारा दुर्बल शरीरात शिरतो आणि अंग लुळे पडते. (आयुर्वेदानेही पक्षाघाताची गणना वातव्याधींतच केली आहे.) पुढच्या शतकांत कोणी अंतर्गत उष्णता, कोणी कफ, कोणी शक्तिक्षय अशी कारणे मांडली. वांगने त्यांतली शक्तिक्षयाची बाजू टोकाला नेली. शरीरातील जीवनशक्तीचे दहा भाग मानले, तर प्रत्येक बाजूला पाच येतात; त्यांतले निम्मे नष्ट झाले की उरलेले एकाच बाजूला गोळा होतात आणि दुसरी बाजू निर्जीव होते, असा त्याचा तर्क होता.

काढ्याचे प्रमाण या तर्कातूनच ठरले. बल देणारे ह्वांगछी हे मूळ सुमारे १२० ग्रॅम, आणि बाकीची सहा द्रव्ये मिळून २५ ग्रॅमही नाहीत. रक्त वाहते ठेवण्यासाठी योजलेल्या या सहांमध्ये वाळवलेली गांडुळे आहेत, पीचच्या बियांचा गर आहे आणि करडईची फुलेही आहेत. सोलापूर-मराठवाड्यात आपण तेलासाठी पिकवतो, तीच ही करडई.

आता मूळ प्रश्नाकडे येतो: हा काढा नेमका कधी द्यायचा? अर्धांगवायू बहुतेक वेळा मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडल्यामुळे होतो, तर काही वेळा ती फुटून रक्तस्राव झाल्यामुळे. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. फरक कळतो तो सीटी स्कॅनने. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते, आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत नळी घालून गुठळी काढता येते. वांगचा काढा या तासांसाठी नाही. आघात ओसरल्यावर उरलेल्या दुर्बलतेसाठी तो आहे, आणि रक्तदाब चढलेला असताना किंवा रक्तस्राव चालू असताना तो देऊ नये, असे आजचे चिनी वैद्यकही सांगते.

तरीही तातडीच्या क्षणी घरगुती उपाय करण्याचा मोह तिथे आहेच. आनगोंग न्यूह्वांग वान नावाच्या गोळ्या अनेक चिनी कुटुंबे जपून ठेवतात. त्यांच्या पारंपरिक पाठात, म्हणजे ठरलेल्या कृतीत, गोरोचन आणि कस्तुरीबरोबर पाऱ्याचे हिंगूळ आणि आर्सेनिकयुक्त मनशीळ असते. शिवाय ज्याचा घसा आघाताने लुळा पडला आहे, अशा रुग्णाच्या तोंडात गोळी किंवा काढा घातला, तर तो श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. मला हा धोका पाऱ्याइतकाच गंभीर वाटतो, आणि तो आपल्याकडच्या चमचाभर पाण्यालाही तितकाच लागू आहे.

काढ्याची शास्त्रीय परीक्षा घेणे अवघड असते. पारंपरिक वैद्य रुग्ण पाहून द्रव्ये कमीअधिक करतो, तर चाचणीत सर्वांना एकच पाठ द्यावा लागतो. शिवाय तशाच रंगाचे आणि चवीचे निष्क्रिय द्रव्य तयार करावे लागते. हे परिश्रम चिनी संशोधकांनी घेतले, याबद्दल मला मनापासून आदर आहे. मेंदूतील रक्तस्रावासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एफवायटीएफ-९१९’ या वनौषधी मिश्रणाची चाचणी चीनमधील २६ रुग्णालयांत दीड हजारांहून अधिक रुग्णांवर झाली. तिचा निष्कर्ष २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला: ९० दिवसांनंतर औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या रुग्णांत फरक आढळला नाही. इतके प्रचलित औषध निरुपयोगी ठरले, आणि ते ज्यांच्या परंपरेचे होते त्यांनीच ते जगाला सांगितले.

सगळे निष्कर्ष असे नाहीत. युन्नान प्रांतातील वनशान परिसरात पिकणाऱ्या सानछी या मुळातील सॅपोनिन नावाच्या घटकांची कॅप्सूल गुठळीच्या अर्धांगवायूत सुमारे तीन हजार रुग्णांना दिली गेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत तीन महिन्यांनी स्वावलंबी झालेल्यांचे प्रमाण कॅप्सूल घेणाऱ्यांत ८९.३ टक्के, तर इतरांत ८२.४ टक्के होते. भीमसेनी कापरातील मुख्य घटक असलेले बोर्निऑल एडाराव्होन या गुठळीच्या अर्धांगवायूवरील औषधाला जोडून चीनमध्ये एक इंजेक्शन तयार झाले. त्याचा परिणाम नुसत्या एडाराव्होनपेक्षा चांगला आढळला. या दोन्ही ठिकाणी अख्खा काढा नाही, तर एखादा ठरावीक, मोजून दिलेला घटक आहे. अन्य देशांतही असेच परिणाम दिसतात का, हे पाहिल्याशिवाय मी ते कोणाला सुचवणार नाही.

शेवटी एक व्यवहाराची बाब सांगणे आवश्यक आहे, कारण असे काढे आता परदेशातून घरपोच मागवता येतात. आघातानंतर अनेकांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात. वांगच्या काढ्यातील दांगग्वी किंवा तिथल्याच इतर औषधांतील दानशेन वॉर्फरिनबरोबर घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. ज्येष्ठमध तर चिनी काढ्यांत जागोजागी असतो. तो दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटते, म्हणजे ज्या कारणाने पहिला आघात झाला असेल, तेच कारण पुन्हा बळावते. म्हणून काढा चिनी असो वा आपल्या गावच्या वैद्याने दिलेला, त्याची पुडी किंवा बाटली तपासणीच्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी आणि तो किती दिवसांपासून चालू आहे, हे न संकोचता सांगावे.